पडलो, पण लागलं नाही

तिरुवल्लिकेणीतून, आमच्या गच्चीवरून बोलतोय. मधेच पार्थसारथीच्या देवळातली घंटा वाजली तर चालवून घ्या.

परवा नाशिकहून एका मुलाचा फोन आला. सुळका चढताना हातातला दगड निसटला आणि तो पडला. रोपने धरलं, कोपर खरचटलं, बाकी काही नाही. पण प्रश्न वेगळाच होता. "सर, हे ग्रुपमध्ये सांगू का? लोक हसतील." आजचा विषय त्या फोनमुळे घेतलाय.

आधी एक फरक लक्षात घ्या. पडणं म्हणजे अपघात नव्हे. प्रस्तरारोहणात माणूस पडणार हे धरूनच सगळं सामान बनवलेलं असतं. चढाईचा डायनॅमिक रोप पडण्याच्या झटक्याने ताणला जातो आणि धक्का पोटात घेतो. रॅपलिंगचा स्टॅटिक रोप जवळजवळ ताणलाच जात नाही, म्हणून त्यावर पुढे राहून चढणं हा वेडेपणा. दिसायला दोन्ही सारखेच, आणि कुणीतरी "रोप तो रोप" म्हणत भलताच उचलून आणतो.

दुसरं म्हणजे किती फूट पडलात यापेक्षा किती रोपवर पडलात हे महत्त्वाचं. समजा २० मीटर रोप बाहेर आहे आणि तुम्ही शेवटच्या बोल्टच्या २ मीटर वर आहात. पडलात तर ४ मीटर, आणि तो झटका २० मीटर रोप वाटून घेतो. ४ भागिले २०, म्हणजे ०.२. याला फॉल फॅक्टर म्हणतात. आता कड्याच्या मध्यावर, अँकरपासून ४ मीटर वर गेलात आणि मधे एकही बोल्ट लावला नाही. पडलात तर ८ मीटर, आणि झेलायला रोप फक्त ४ मीटर. फॅक्टर २. याहून वाईट झटका नेहमीच्या चढाईत बसत नाही. म्हणून अँकर सोडल्यावर पहिला बोल्ट लवकर लावायचा. भीती वाटते म्हणून नाही, हिशेब तसा आहे म्हणून.

आणि आपला सह्याद्री! इथे चेन्नईत पल्लावरमचा चार्नोकाइट लोखंडासारखा. आपला बेसाल्ट थराथराचा, पावसाने फुगलेला, मधे गवत आणि घसारा. हात घालण्याआधी होल्ड ठोकून बघायचा, पोकळ वाजला तर सोडायचा.

पण खरं सांगू? जाणत्या माणसांना बऱ्याचदा कठीण चढाई दगा देत नाही, सोपं काम दगा देतं. लिन हिल ही जगातल्या अव्वल आरोहकांपैकी एक. १९८९मध्ये फ्रान्समध्ये ब्युक्सला बोलता बोलता तिची गाठ अर्धीच बांधली गेली. वर पोचून रोपवर भार टाकला आणि सुमारे ७० फूट खाली आली. झाडाच्या फांद्यांनी वाचवलं. ब्रॅड गोब्राइट २०१९मध्ये मेक्सिकोत गेला. दोघे एकाच रोपच्या दोन बाजूंनी उतरत होते, टोकं असमान होती आणि शेवटी गाठ नव्हती. दोन्हीकडे चूक एका मिनिटात टळली असती.

आता माझी गोष्ट. ही मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नव्हती.

तरुण अधिकारी होतो, ट्रेनिंग चालू होतं. एका कड्यावरून दुपदरी दोराने रॅपलिंग. नेहमीचं झाड हलायला लागलं होतं म्हणून दोर मागच्या झाडाला घेतला. तेवढा तो खाली कमी पडला. टोकाला गाठ मारली नव्हती. ते बघणं माझं काम होतं. मी उतरत होतो आणि खालून हवालदार ओरडला, "साब, रस्सी खतम!" टोक माझ्या हाताखाली जेमतेम दोन वीत उरलं होतं. बाजूच्या कपारीत पाय रोवले, कसाबसा सुटलो. संध्याकाळी मेसमध्ये गप्प. हवालदारही गप्प, साहेबाची इज्जत म्हणून.

पुढच्या बॅचला तोच कडा, तेच मागचं झाड, तोच दोर. एक शिपाई टोकावरून सुटला. दोन्ही घोटे मोडले. कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली, त्यात विचारलं गेलं, असं इथे पूर्वी कधी झालं होतं का? उत्तर लिहिलं गेलं, नाही. कुणाला माहीतच नव्हतं. माहीत होतं ते दोघांना, आणि त्यातला एक मी.

आपल्याकडे बोललं जातं ते मृत्यूनंतर. जानेवारी २०२०मध्ये हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर रॅपलिंगच्या वेळी ज्येष्ठ गिर्यारोहक अरुण सावंत गेले, तेव्हा सगळा महाराष्ट्र हळहळला. ते योग्यच. पण श्रद्धांजलीत माणूस मोठा होतो आणि दोर, गाठ, अँकर यांबद्दल विचारणं अशिष्ट वाटायला लागतं. उलट काहीजण दुसऱ्याच दिवशी, कड्याचं तोंड न पाहता, निकाल देतात. दोन्हींतून शिकायला काही मिळत नाही. अमेरिकन अल्पाइन क्लब १९४८पासून अपघातांचे अहवाल छापतो: काय झालं, का झालं. आपल्या क्लबांच्या वह्यांत मोहिमेचा खर्च पैशापैशाने लिहिलेला असतो. त्याच वहीत पडण्यालाही एक पान द्यायला काय हरकत आहे?

त्या मुलाला मी म्हटलं, आठ ओळी लिही. कुठला मार्ग, कितवा बोल्ट, किती रोप बाहेर, बिलेअर कुठे उभा, दगड कुठला निसटला. 'मूर्खपणा' हा शब्द नको, स्वतःसाठीही नको. लिहिताना त्याच्याच लक्षात आलं की बिलेअर सावलीसाठी कातळापासून लांब उभा होता, म्हणून तो अपेक्षेपेक्षा जास्त खाली आला.

रात्री त्याने ते ग्रुपमध्ये टाकलं. कुणी हसलं नाही. तासाभरात दोघांनी लिहिलं, तो दगड गेल्या हिवाळ्यात आमच्याही हाताखाली हलला होता.