मुखपृष्ठावर कोणाला घ्यायचं? संगीताचं मासिक आणि सातपुड्याचा ढोल

संगीताच्या मासिकाचं मुखपृष्ठ कसं असतं, हे अंक न बघताही सांगता येतं. वर ठसठशीत नाव, खाली वाचकाच्या नजरेला नजर देणारा एकच चेहरा, कडेला आतल्या लेखांचे चार-पाच मथळे आणि कोपऱ्यात किंमत. १९६७च्या नोव्हेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून 'रोलिंग स्टोन' निघालं, तेव्हा पहिल्याच अंकावर शिपायाचं हेल्मेट घातलेला जॉन लेनन होता. पुढच्या काळात या मासिकाचं मुखपृष्ठ मिळणं हाच कलावंताचा सन्मान ठरला. भारतीय आवृत्ती २००८मध्ये आली, तीही हाच वसा घेऊन.

हे संकेत कुणा एकाच्या लहरीतून आलेले नाहीत. स्टॉलवर अंक एकाखाली एक सरकवून लावले की वरची पट्टीच तेवढी उघडी राहते, म्हणून नाव वर. ओळ फार लांब झाली की पुढच्या ओळीची सुरुवात शोधताना डोळा चुकतो, म्हणून मजकूर दोन-तीन स्तंभांत. पानं चाळणारा माणूस आधी चित्र बघतो आणि लगेच चित्राखालची ओळ वाचतो, म्हणून ती ओळ नेमकी हवी. हे सगळं मोडून बघणारेही झाले. डेव्हिड कार्सन या अमेरिकी मांडणीकाराने 'रे गन' मासिकात गायक ब्रायन फेरीची मुलाखत कंटाळवाणी वाटली म्हणून अक्षरांऐवजी चिन्हांच्या टाइपात छापून टाकली. मुलाखत वाचता येईना, पण तीस वर्षांनंतरही मांडणीच्या वर्गात त्या पानाचा दाखला देतात. अर्थात ही चैन परवडते ती वाचकाला तो गायक आधीच ठाऊक असेल तेव्हा.

आपल्याकडे संगीताच्या मासिकाची सुरुवात चेहऱ्यापासून झाली नाही, ती शिकवणीपासून झाली. विष्णू दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. विद्यालयाच्या जोडीला छपाई आणि 'संगीतामृत प्रवाह' हे मासिकही आलं, कारण गुरूच्या घरातली विद्या घराबाहेर न्यायची तर कागद हवाच होता. हाथरसला १९३५मध्ये 'संगीत' हे हिंदी मासिक सुरू झालं. १९४७मध्ये प्रा. बी. आर. देवधरांच्या संपादनाखाली गांधर्व महाविद्यालय मंडळाचं 'संगीत कला विहार' निघालं. देवधरांनी लिहिलेली गायकांची शब्दचित्रं आजही आवडीने वाचली जातात. वाचक म्हणजे परीक्षेला बसणारा विद्यार्थी किंवा शिकवणारा मास्तर, हे अशा मासिकांनी धरलेलंच असतं. त्यामुळे पानांवर बंदिशी, स्वरलिपी, रागचर्चा, परीक्षांच्या सूचना. सजावट बेताचीच.

पण स्वरलिपी छापणं हेच मांडणीचं खरं कसब होतं. भातखंड्यांच्या पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब. एका मात्रेत चार स्वर आले तर त्यांना खालून कंसाने बांधायचं, आणि त्याखाली समेची फुली, खालीचं शून्य, टाळीचे आकडे. आता खिळे जुळवणाऱ्याची अडचण बघा. तार षड्जावरचं टिंब अनुस्वारासारखं दिसतं. तार निषादावर आधीच वेलांटी, तिच्या डोक्यावर आणखी टिंब कुठे बसवायचं? मंद्रातला कोमल धैवत असेल तर टिंब आणि रेघ दोन्ही एकाच अक्षराच्या पायाशी. संगणकावर आजही कोमल-तीव्राच्या रेघांसाठी वेदपाठातली अनुदात्त-उदात्ताची चिन्हं उसनी घ्यावी लागतात. ओळींमधलं अंतर जरा आवळलं की वरच्या ओळीचा कंस खालच्या ओळीच्या टिंबाला भिडतो आणि बंदिश बिघडते. मुद्रितशोधकाला गाणं कळत नसेल तर ही चूक त्याला सापडतही नाही.

देखणेपण आलं ते दिवाळी अंकांकडून. का. र. मित्रांनी १९०९मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढून पायंडा पाडला. दीनानाथ दलालांनी १९४५पासून 'दीपावली'तून रंगीत मुखपृष्ठाची गोडी लावली. कमल शेडग्यांनी अक्षरालाच चित्र केलं. मराठी वाचकाची नजर या तीन शाळांत तयार झाली: विद्यालयाचं मासिक, दिवाळी अंक आणि अलीकडे इंग्रजी संगीत मासिकं.

आता ही नजर घेऊन सातपुड्यातल्या नंदुरबारला या. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात २०११च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी. इथल्या संगीताचा अंक काढायचा म्हटलं की पहिलाच संकेत अडतो: मुखपृष्ठावर कोणाला घ्यायचं? अक्कलकुवा तालुक्यात काठी गावची राजवाडी होळी पेटते ती पहाटे. रात्रभर ढोल वाजत असतात. कमरेला भोपळे आणि घुंगरं बांधलेले, डोक्यावर मोरपिसांचे टोप चढवलेले बुध्ये नाचत असतात. नवस म्हणून व्रत पाळून ते आलेले असतात. यातला एक चेहरा उचलून पानभर छापला तर चित्र झकास होईल, पण तो माणूस 'कलावंत' म्हणून तिथे आलेलाच नव्हता. कॅमेऱ्याकडे बघणारा एकटा बुध्या म्हणजे होळी नव्हे.

दुसरं उदाहरण कोकणी समाजाच्या थाळगानाचं. काशाच्या थाळीच्या मधोमध मेणाने एक काडी उभी चिकटवलेली असते. थाळकरी त्या काडीवरून बोटं वरून खाली ओढत राहतो, थाळी घुमते आणि त्या घुमण्यावर कथा चालते. याची स्वरलिपी लिहायची तर एकाच स्वरापुढे लांबलचक आडव्या रेघा मारत बसावं लागेल. कथा कुठे थांबते, साथीदार कुठला शब्द उचलून धरतो, बोटांचा वेग कधी बदलतो, यातलं काहीच त्यात येणार नाही. इथे स्वरलिपीपेक्षा हाताच्या चार छायाचित्रांची पट्टी जास्त सांगेल, आणि शेजारी क्यूआर कोड दिला की थाळी ऐकूही येईल.

म्हणजे संकेत मोडीत काढायचे का? मुळीच नाही. जे वाचकाची वाट सोपी करतात ते जपायचे: नाव वर, अनुक्रमणिका सुरुवातीला, ठरलेले स्तंभ, पानाच्या पायाशी पृष्ठांक. जे आधीच एका नायकाला धरून बसलेत ते बदलायचे. मुखपृष्ठावर चेहऱ्याऐवजी वर्तुळ घ्यावं, म्हणजे वरून किंवा लांबून टिपलेला नाचाचा फेर. ठळक चौकटीतलं वाक्य लेखकाचं न घेता वाजवणाऱ्याचं घ्यावं. गाण्याचे शब्द डाव्या स्तंभात पावरी किंवा मावची भाषेत, उजव्या स्तंभात मराठीत, दोन्ही एकाच आकाराच्या टाइपात. मूळ गाणं बारीक तिरप्या अक्षरात आणि भाषांतर ठळक, ही आपली जुनी खोड इथे सोडायला हवी.

सगळ्यात जास्त कष्ट लागतील ते चित्राखालच्या ओळीला. 'आदिवासी बांधव पारंपरिक वाद्य वाजवताना' अशी ओळ छापून आपण कितीदा मोकळे होतो! पंडितजींच्या फोटोखाली 'एक गायक गाताना' असं कुणी छापेल का? तंबोऱ्यावर कोण, तबल्यावर कोण, हेही देतोच ना? मग इथेही वाद्य कोणतं (ढोल, मांदल, पावरी की बिरी), वाजवणारा कोण, गाव कोणतं, प्रसंग कोणता आणि छापायला त्याची संमती आहे का, एवढं आलंच पाहिजे.

हे जमतं, याचा दाखला शेजारीच आहे. गणेश देवींच्या बडोद्याच्या 'भाषा' संस्थेने नव्वदच्या दशकात 'ढोल' नावाचं नियतकालिक आदिवासी भाषांतून सुरू केलं. लिपी ओळखीची, भाषा घरची. अरुण जाखड्यांनी संपादित केलेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाच्या महाराष्ट्र खंडातही या पट्ट्यातल्या भाषांना आपापली स्वतंत्र पानं मिळाली.

राहता राहिला एक संकेत, जो आपल्याला संकेत वाटतच नाही: अंक दिवाळीला काढायचा. सातपुड्यात वर्षाचा मोठा सण होळी. तिच्या आधीच्या आठवड्यात भोंगऱ्या बाजार भरतात, ढोल घेऊन गावंच्या गावं उतरतात, खरेदी होते. नंदुरबारच्या संगीताचा अंक निघालाच, तर तो होळी अंक असावा आणि त्याची पहिली विक्री पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात न होता धडगावच्या बाजारात व्हावी. ज्यांची नावं चित्रांखाली छापलीत, त्यांनीच तो आधी उलटून बघावा आणि चुका काढाव्यात.