अंगण खरंच वाकडं आहे का?

‘नाचता येईना अंगण वाकडं’ ही म्हण नेमबाजीच्या रेंजवर वरचेवर ऐकू येते. गुण घसरू लागले की खेळाडूची नजर आधी रायफलवर जाते आणि प्रशिक्षकाची खेळाडूवर. बहुतेक वेळा प्रशिक्षक बरोबर असतो. पण ५० मीटर रायफल हा असा खेळ आहे, की त्यात अंगण कधी कधी खरोखरच वाकडं असतं, आणि तेही केसाच्या जाडीहून कितीतरी कमी. ते वाकडेपण ओळखायचं कसं आणि रायफलचं बॅरल, म्हणजे नळी, बदलायचीच वेळ आली तर नवी निवडायची कशी, हा नेमबाजाच्या आयुष्यातला सर्वात महागडा आणि सर्वात कमी समजावून सांगितला जाणारा निर्णय आहे.

या खेळाशी आपलं नातं जवळचं आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधल्या शातोरूच्या रेंजवर राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ४५१.४ गुणांसह ऑलिंपिक कांस्यपदक जिंकलं. त्याच्या १४ वर्षं आधी, २०१० मध्ये, कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोन, म्हणजे झोपून नेम धरायच्या, प्रकारात विश्वविजेत्या झाल्या होत्या. ती पदकं ज्या लक्ष्यावर ठरली, त्याचं दहाचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटरचं असतं. शर्टाचं बटण घ्या आणि ५० मीटरवर ठेवा, झालं लक्ष्य. गोळीचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून ८ मिलिमीटरच्या आत पडला, तर कड वर्तुळाला शिवते आणि दहा मिळतात. दशांशात मोजताना मध्यापासून दर ०.८ मिलिमीटर सरकल्यावर एक दशांश गुण जातो.

शिशाच्या गोळीचा प्रवास

या रायफलीत .२२ लाँग रायफल हे काडतूस वापरतात. १८८७ मध्ये अमेरिकेत तयार झालेलं हे काडतूस आजही ऑलिंपिकमध्ये टिकून आहे. त्याची गोळी साधारण २.६ ग्रॅमची, मऊ शिशाची. नळीच्या आतल्या भिंतीवर लांबच लांब पिळाच्या खाचा कापलेल्या असतात. उसाच्या शेतातली सरी-वरंब्याची रचना डोळ्यांसमोर आणा आणि ती दोरीसारखी पिळा, म्हणजे नळीच्या आतलं चित्र दिसेल. गोळी पुढे ढकलली जाताना वरंबे तिच्या अंगात रुततात आणि तिला स्वतःभोवती फिरवतात. .२२ च्या नळीत सहसा १६ इंचांना एक पूर्ण फेरा असतो. सेकंदाला सुमारे ३२५ मीटर वेगाने निघालेली गोळी त्यामुळे सेकंदाला ८०० वेळा फिरते.

फिरणारी वस्तू हवेत तोल राखते. पण तिचं वस्तुमान अक्षाच्या बरोबर मध्यावर नसेल, तर नळीच्या तोंडातून सुटताक्षणी ती गोफणीतल्या दगडासारखी किंचित बाजूला फेकली जाते. हा हिशेब कागदावर मांडला की धडकी भरते. गुरुत्वमध्य फक्त ०.०१ मिलिमीटर सरकला, म्हणजे माणसाच्या केसाच्या सातव्या भागाइतका, तरी ८०० फेऱ्यांच्या वेगाने गोळीला सेकंदाला ५ सेंटिमीटरची आडवी गती मिळते. लक्ष्यापर्यंतच्या ०.१६ सेकंदांत ती जवळपास ८ मिलिमीटर भरकटते. दहाचं सगळं अंतर तेवढंच आहे. नेमबाजाने श्वास रोखून, नाडीच्या दोन ठोक्यांच्या मध्ये, अचूक क्षणी ट्रिगर दाबला तरी दहा हातचे जाऊ शकतात.

म्हणून चांगलं बॅरल म्हणजे आरशासारखं चकचकीत बॅरल नव्हे. ज्या नळीत गोळी पहिल्या मिलिमीटरपासून शेवटच्या मिलिमीटरपर्यंत सरळ, मध्यावर आणि सारख्याच पकडीत जाते, ती चांगली. सगळी निवड या एका शब्दावर येते: एकसारखेपणा.

आधी आरोप सिद्ध व्हावा

.२२ चं बॅरल लवकर झिजत नाही. गोळी मऊ असते, दारू थोडी असते, त्यामुळे नीट सांभाळलेली नळी हजारो नव्हे, तर लाखाच्या घरात गोळ्या पचवू शकते. मोठ्या दारूच्या रायफलींत धग इतकी असते की चेंबरपुढचा, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेपुढचा, भाग काही हजार गोळ्यांतच करपतो. .२२ ची खोड वेगळी. तिच्या काडतुसाच्या पेटत्या मसाल्यात बारीक काचेची भुकटी असू शकते. ती आणि राख मिळून चेंबरच्या लगेच पुढे कालांतराने एक खरबरीत कडं तयार करतात. दुसरी नाजूक जागा म्हणजे नळीचं तोंड. साफसफाईची सळई तिथे वर्षानुवर्षं घासली, किंवा रायफल एकदा आपटली, तर गोळीचा शेवटचा स्पर्श सगळीकडून एकाच वेळी सुटत नाही. या दोन्ही जागा नळीत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने दिसतात.

पण त्याआधी साध्या गोष्टी तपासायला हव्यात. लाकडी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या बैठकीला रायफल धरून ठेवणारे स्क्रू एकसारख्या ताकदीने आवळलेत का? मागचं डायप्टर, म्हणजे बारीक भोकाची साइट, किंवा पुढची साइट हलतेय का? नळी पुरेशी साफ आहे का, की अतिसफाईने बिघडलीय? एका सैल स्क्रूपायी बॅरलला दोष दिला जातो आणि तो आवळला की सुंठीवाचून खोकला जातो.

काडतुसाचं म्हणणंही ऐकावं लागतं. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या काडतुसांचे दोन लॉट, म्हणजे उत्पादनाच्या दोन खेपा, एकाच नळीत वेगळे वागतात. लॉटमधल्या गोळ्यांच्या वेगात सेकंदाला ५ मीटरचा फरक असला, तर ५० मीटरवर त्या एकमेकींपासून साधारण ४ मिलिमीटर वर-खाली पडतात. हा दोष नळीचा नाही. म्हणूनच इंग्लंडची एली आणि जर्मनीतल्या शोनेबेकमध्ये .२२ ची काडतुसं बनवणारी लापुआ खेळाडूंना स्वतःची रायफल घेऊन बोलावतात, ती व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यात, आवळतात आणि लॉट बदलत गोळ्या झाडतात. माणसाचा हात बाजूला झाला की रायफल काय म्हणते ते स्वच्छ ऐकू येतं. चांगले पाच-सहा लॉट देऊनही ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरचे गोळ्यांचे पुंजके, फाकलेलेच राहिले आणि बाकी सगळं तपासून झालं असेल, तरच बॅरलवरचा आरोप सिद्ध झाला.

नळी कशी घडते

पोलादाच्या भरीव दांड्याला सुमारे ७० सेंटिमीटर लांब आणि जेमतेम साडेपाच मिलिमीटर रुंद भोक पाडायचं असतं. बोअरवेल खणताना पाइप वाकडा जाऊ नये म्हणून जी काळजी, तीच इथे शंभर पटींनी. दांडा फिरता ठेवतात आणि लांब ड्रिलमधून दाबाने तेल सोडून चुरा बाहेर काढतात. पुढे रीमरने भोक गुळगुळीत करतात, मग खाचा.

खाचा पाडायच्या तीन मुख्य रीती आहेत. पहिलीत एकच छोटं पातं दर फेरीला पोलादाचा अतिसूक्ष्म पापुद्रा काढतं. वेळ खूप लागतो, पण धातूवर ताण येत नाही. दुसरीत कार्बाइडचं बटण नळीतून दाबून ओढतात आणि पोलाद दबून खाचा उमटतात. पृष्ठभाग सुरेख येतो, पण धातूत ताण साठतो, म्हणून नंतर भट्टीत तापवून तो काढावा लागतो. तिसरीत घडवलेल्या कांबीभोवती नळी हातोड्यांनी ठोकून आकार देतात. ही रीत जर्मनीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मशीनगनसाठी रुजली. जगातले सर्वोत्तम निकाल पहिल्या दोन्ही रीतींनी मिळालेत, म्हणून रीतीपेक्षा कारागिराचं सातत्य पाहावं. बटणाच्या नळीवर मात्र एक पथ्य आहे. खाचा पडल्यावर बाहेरून जास्त पोलाद उतरवलं किंवा हौसेने खोबण्या पाडून घेतल्या, तर आतला ताण मोकळा होतो आणि नळी तिथे आतून किंचित सैल होते.

शेवटचा संस्कार म्हणजे लॅपिंग. नळीतच शिसं ओतून गज घडवायचा, त्याला घर्षक लेप लावायचा आणि हाताने मागेपुढे ओढायचा. अमेरिकेतले प्रसिद्ध कारागीर हॅरी पोप (१८६१–१९५०) यांच्या नळ्या तोंडाकडे हळूहळू आवळत जायच्या. आजही .२२ साठी हेच इष्ट मानतात: पकड पुढे सरकताना कधीही सैल होऊ नये, तोंडाशी किंचित घट्ट असावी. याची परीक्षा कोणीही घेऊ शकतो. मऊ शिशाचा तुकडा सळईने नळीतून सावकाश ढकलायचा. मध्येच सळई भसकन पुढे गेली, तर तिथे नळी सैल आहे. हाताला जे कळतं, ते जाहिरातीत लिहिलेलं नसतं.

मागवताना काय सांगावं

पिळासाठी फार विचार लागत नाही. १८७९ मध्ये इंग्रज गणिती ग्रीनहिल यांनी गोळीच्या लांबी-जाडीवरून पीळ काढायचं सूत्र दिलं. ते .२२ ला लावलं तर उत्तर १६ इंचांच्या आसपासच येतं.

लांबीबद्दल मात्र मोठा गैरसमज आहे. या गोळीचा वेग नळीच्या पहिल्या ४० ते ४८ सेंटिमीटरपर्यंतच वाढतो, पुढे घर्षणच उरतं. लांब नळीचा फायदा दोन साइटमधलं अंतर वाढण्यात आहे आणि तो नळीपुढे पोकळ नळकांडं जोडूनही मिळतो. वजन आणि तोल ठरवताना आपली उभी पोझिशन डोळ्यांसमोर ठेवावी. पोलाद स्टेनलेस की क्रोम-मॉली, याने .२२ मध्ये फारसा फरक पडत नाही.

सर्वोत्तम नळीही चुकीच्या हाताने बसवली तर वाया जाते. चेंबर नळीच्या भोकाशी एका अक्षावर हवं, नाहीतर गोळी पहिल्याच मिलिमीटरला तिरकी रुतते आणि वरचा ०.०१ मिलिमीटरचा हिशेब सुरू होतो. म्हणून लेथवर नळी भोकाच्या मध्यावर धरणारा गनस्मिथ शोधा, बाहेरच्या गोलाईवर भरवसा ठेवणारा नको. रीमर कोणता, काडतुसाच्या कडेला जागा किती, हे त्याला विचारायला संकोच करू नका. शस्त्र कायदा, १९५९ नुसार शस्त्राचे भागही शस्त्रातच मोडतात. तेव्हा हे काम परवानाधारकाकडेच आणि कागदपत्रांसह व्हायला हवं.

निकाल कागदावर

नवं बॅरल बसलं की मोह होतो सर्वात छोटा ग्रुप पाकिटात जपून ठेवायचा. तो ग्रुप खोटं बोलतो. पाच गोळ्या योगायोगानेही एकाच भोकात जातात. बंद रेंजवर, व्हाइसमध्ये, एकाच लॉटच्या दहा-दहा गोळ्यांचे किमान पाच ग्रुप घ्या, सगळे मोजा, वाईटातला वाईटही मोजा. जुन्या बॅरलचे तसेच ग्रुप आधीच काढून ठेवलेले असतील तरच तुलना खरी. मग दोन-चार लॉट बदलून पुन्हा तेच. ज्या नळीचा सर्वात वाईट ग्रुपही १६ मिलिमीटरच्या आत, म्हणजे दहाच्या पूर्ण पल्ल्यात, बसतो ती ठेवा.

एवढं सगळं करून झालं की नेमबाजाकडची एक सोयीची सबब कायमची जाते. पुढचा नऊ पडला तर तो स्क्रूचा नाही, लॉटचा नाही, नळीचाही नाही. आणि जी चूक आपली असते, तीच सरावाने सुधारता येते. बॅरलवर खर्च केलेल्या पैशांतून दशांश गुण मिळतात, पण त्याहून मोलाची मिळते ती ही खात्री. अंगण सपाट आहे हे मोजून पाहिलेला माणूसच मोकळ्या मनाने नाचायला शिकतो.