रांगेतला संदेश आणि खात्यातील रक्कम

जबलपूर शहरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक आहेत. अनेकांची मुले पुणे, नागपूर वा मुंबई येथे शिक्षण-नोकरीनिमित्त असतात व त्यांना नियमितपणे पैसे पाठविले जातात. अशा ग्राहकांकडून शाखेत एक प्रश्न हमखास विचारला जातो : “माझ्या खात्यातून रक्कम वजा झाली, मग तिकडे जमा का दिसत नाही? पुन्हा पाठवू का?” या प्रश्नाचे उत्तर समजून घेण्यासाठी संगणकाच्या पडद्यामागे काय घडते, ते पाहू.

एक व्यवहार, दोन खातेवह्या

‘जितके नावे, तितके जमा’ हा हिशेबशास्त्राचा पाया आहे. दोन्ही खाती एकाच शाखेत असताना या दोन नोंदी एकत्रच होत. आता मात्र राइट टाऊनमधील ग्राहक एन.ई.एफ.टी.ने २०,००० रुपये पुण्यास पाठवितो, तेव्हा नावे नोंद एका बँकेच्या संगणकात, तर जमा नोंद दुसऱ्या बँकेच्या संगणकात होते. मधला दुवा असतो तो संदेशाचा. हा संदेश प्रथम रिझर्व्ह बँकेच्या समाशोधन केंद्राकडे व तेथून लाभार्थीच्या बँकेकडे जातो. १६ डिसेंबर २०१९ पासून ही सेवा दिवसाचे चोवीस तास, दर अर्ध्या तासाच्या तुकड्यांनी उपलब्ध आहे.

असे संदेश येताच खात्यात नोंदविले जातात असे नाही. ते संगणकातील एका रांगेत उभे राहतात. संगणक रांगेतून संदेश उचलतो, खात्यात रक्कम जमा करतो आणि ‘काम झाले’ अशी पोच रांगेला देतो. पोच मिळाल्यावरच तो संदेश रांगेतून काढून टाकला जातो.

पोच आधी की जमा आधी?

खरी अडचण येथेच आहे. समजा, संगणकाने पोच आधी दिली आणि जमा नोंद होण्यापूर्वीच वीज गेली. संदेश रांगेतून नाहीसा झाला, रक्कम मात्र जमा झालीच नाही. उलट, जमा आधी केली आणि पोच देण्यापूर्वी संगणक बंद पडला, तर रांगेच्या दृष्टीने काम अपुरेच राहते. संगणक सुरू होताच तोच संदेश पुन्हा दिला जातो आणि २०,००० च्या जागी ४०,००० रुपये जमा होण्याचा धोका निर्माण होतो.

यावरील एक उपाय म्हणजे रांग व खातेवही या दोहोंना एकाच व्यवहारात बांधणे. संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांनी १९७८ साली या द्विपायरी पद्धतीचे विवेचन केले. पहिल्या पायरीत समन्वयक प्रत्येकाला ‘तयार आहात का?’ असे विचारतो. सर्वांचा होकार आला तरच दुसऱ्या पायरीत ‘नोंद कायम करा’ असा आदेश देतो. पद्धत चोख आहे. परंतु होकार मिळाल्यानंतर समन्वयकच बंद पडला, तर बाकीच्यांना खाती अडवून ताटकळत राहावे लागते. दोन स्वतंत्र बँकांना एकमेकींची खाती अशी अडवून ठेवणे व्यवहार्य नाही.

म्हणून दुसरा मार्ग अधिक उपयुक्त ठरतो. आधी जमा, नंतर पोच. आणि प्रत्येक संदेशाच्या विशिष्ट क्रमांकाची नोंद जमा नोंदीसोबत, त्याच खातेवहीत, त्याच क्षणी. दोन्ही नोंदी होतील, नाहीतर एकही नाही. संदेश पुन्हा आला तरी क्रमांक आधीच नोंदलेला आढळतो; संगणक रक्कम पुन्हा जमा न करता केवळ पोच देतो. आवक नोंदवहीत क्रमांक पाहूनच कागद पुढे पाठविण्याची आपली जुनी शिस्त याहून वेगळी नव्हती.

खाते बंद असेल वा क्रमांक चुकीचा असेल, तर तो संदेश कितीही वेळा उचलला तरी जमा होणार नाही. असे संदेश बाजूला काढावे लागतात, अन्यथा मागची रांग अडून राहते. त्यांची रक्कम पाठविणाऱ्या बँकेस परत केली जाते.

ग्राहकांनी काय करावे?

पहिली गोष्ट, घाईने रक्कम पुन्हा पाठवू नये. आपण पुन्हा पाठविता तेव्हा त्या व्यवहारास नवा यू.टी.आर. क्रमांक मिळतो. संगणकाच्या दृष्टीने तो निराळाच व्यवहार असल्याने वर सांगितलेली तपासणी तेथे आपले रक्षण करू शकत नाही.

दुसरी गोष्ट, मूळ यू.टी.आर. क्रमांक जपून ठेवावा. तुकडीची समायोजना झाल्यापासून दोन तासांत रक्कम जमा करणे किंवा परत पाठविणे लाभार्थीच्या बँकेवर बंधनकारक आहे. विलंब झाल्यास रेपो दर अधिक दोन टक्के या दराने व्याज देय ठरते. ए.टी.एम.मधून रोकड न मिळता खात्यातून रक्कम वजा झाल्यास, रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार ती पाच दिवसांत परत जमा व्हावयास हवी. त्यापुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई आहे आणि ती ग्राहकाने न मागताही मिळावयास हवी.

कर्मचारी बंधूभगिनींनीही अशा वेळी ‘संगणकाची अडचण आहे’ एवढेच सांगून ग्राहकास परत पाठवू नये. क्रमांक विचारावा, संदेश कोणत्या टप्प्यावर आहे ते पाहावे व तसे स्पष्ट सांगावे. निवृत्तिवेतनावर घर चालविणाऱ्यास वीस हजारांची रक्कम एक दिवस दिसेनाशी होणे ही लहान गोष्ट नसते.