एका सर्व्हरवर अनेक संस्थांची संकेतस्थळे



आपल्या विहारांचे, वाचनालयांचे, अभ्यासवर्गांचे काम आज समाजमाध्यमांवरच साठते. आमच्या अभ्यासवर्गाचे पान एके दिवशी अचानक बंद झाले आणि चार वर्षांची छायाचित्रे, व्याख्यानांच्या नोंदी गेल्या. १९२० साली 'मूकनायक' काढणाऱ्या बाबासाहेबांनी स्वतःच्या पत्राचे मोल ओळखले होते. आपण मात्र आपला दस्तऐवज परक्याच्या कपाटात ठेवतो.

प्रत्येक संस्थेला वेगळा सर्व्हर परवडत नाही आणि त्याची गरजही नाही. लिनक्सचा एकच सर्व्हर भाड्याने घेऊन सर्वांची संकेतस्थळे चालवता येतात. यालाच नावावर आधारित व्हर्च्युअल होस्ट म्हणतात.

चाळीचा पत्ता एकच असतो, पोस्टमन पाकिटावरचे नाव वाचून खोली शोधतो. इथेही तसेच. ब्राउझर सर्व्हरच्या आयपी क्रमांकाशी जोडला जातो आणि 'होस्ट' या ओळीत हवे ते नाव पाठवतो. ते वाचून सर्व्हर त्या संस्थेचे फोल्डर उघडतो.

उबुंटूवर अपाची असेल तर कृती अशी (आज्ञा व नावे रोमन लिपीतच टाइप करावीत):

१. प्रत्येक डोमेनच्या डीएनएसमध्ये 'ए' नोंद करून सर्व्हरचा आयपी द्या.

२. प्रत्येक संस्थेसाठी वेगळे फोल्डर करा.

३. 'साइट्स-अव्हेलेबल'मध्ये प्रत्येकीची स्वतंत्र फाइल करा. तिच्यात पोर्ट ८० चा व्हर्च्युअलहोस्ट लिहा. सर्व्हरनेम म्हणजे डोमेन, सर्व्हरअलायस म्हणजे त्याचे पर्यायी नाव, डॉक्युमेंटरूट म्हणजे फोल्डरचा मार्ग.

४. 'एटूएनसाइट' आज्ञेने ती फाइल सुरू करा. 'कॉन्फिगटेस्ट'ने चुका तपासा, मगच अपाची रीलोड करा.

५. लेट्स एन्क्रिप्टचे मोफत प्रमाणपत्र सर्टबॉटने बसवा.

आमची एक चूक सांगतो. वाचनालयाच्या सर्व्हरनेममध्ये एक अक्षर चुकले आणि वाचनालयाच्या पत्त्यावर अभ्यासवर्गाचे पान उघडू लागले. नाव जुळले नाही की अपाची पहिल्या क्रमांकाचा होस्ट दाखवतो. फाइली वर्णक्रमाने वाचल्या जातात. म्हणून सर्वांत आधी येईल अशा नावाच्या फाइलीत 'हे नाव येथे नोंदलेले नाही' एवढेच सांगणारे पान ठेवा.

सर्व्हर एक म्हणजे धोकाही एकत्र. तो बंद पडला तर सगळ्यांचीच संकेतस्थळे बंद पडतात. म्हणून दर आठवड्याला प्रत काढून ती दुसरीकडे ठेवा. डोमेन कार्यकर्त्याच्या नव्हे, संस्थेच्या नावावर घ्या. पासवर्ड किमान दोघांकडे असू द्या आणि नूतनीकरणाची तारीख बैठकीच्या वहीत लिहा. कार्यकर्ते बदलतील, गावे सोडतील. समाजाच्या नोंदी मात्र टिकल्या पाहिजेत.