कॅटलॉगमध्ये आहे, कपाटात नाही

ग्रंथपाल म्हणून मी ही तक्रार नेहमी ऐकतो: "संगणक 'उपलब्ध' म्हणतो, कपाटात पुस्तक नाही!" संगणकाला बिचाऱ्याला कोणी सांगितलेलेच नसते. कोहासारख्या प्रणालीत ग्रंथाची नोंद वेगळी आणि प्रत्येक प्रतीची वेगळी. प्रत सापडेना, तर तिच्या नोंदीवर 'गहाळ' लावायचे. जीर्ण म्हणून काढली, तर 'बाद'. तिचा दाखल क्रमांक पुन्हा कुणाला देत नाहीत.

केंद्राच्या २०१७च्या वित्तीय नियमांत, वर्षभरात वापरलेल्या दर १,००० पुस्तकांमागे ५ गहाळ होणे वाजवी धरले आहे, निष्काळजीपणा किंवा लबाडी नसेल तर. १,००० रुपयांवरचे किंवा दुर्मीळ पुस्तक गेले, की चौकशी होतेच.

नवखा होतो तेव्हा एका जुन्या मराठी कोशाची एकुलती प्रत मिळेना, म्हणून मी अख्खी नोंदच पुसली. विद्यापीठ महाराष्ट्राबाहेरचे, मराठीची कपाटे दोनच. वर्षभराने कोश बाइंडिंगच्या गठ्ठ्यात निघाला. तोवर एक संशोधक विद्यार्थिनी त्यासाठी पुण्याला जाऊन आली होती.

तेव्हा 'गहाळ' दिसले तर लगेच परत फिरू नका. दाखल क्रमांक टिपा, काउंटरवर द्या आणि शोधायला सांगा.