शपथ नाकारणारा पाळक

धर्मसंस्थेने राजकारणात पडू नये, या म्हणण्याला आपल्याकडे सहसा कुणी विरोध करत नाही. मठ, मंदिर, मशीद, चर्च, सगळ्यांबद्दल ते बोललं जातं. अडचण येते ती पुढच्या प्रश्नाशी. राजकारण कशाला म्हणायचं आणि ते कुणी ठरवायचं? सत्तेविरुद्ध बोलणं हे राजकारण आणि सत्तेच्या बाजूने बोलणं ही मात्र निष्ठा, असा हिशेब धर्मसंस्थांमध्ये फार जुना आहे.

हा प्रश्न माझ्यापुढे आला तो पुस्तकांतून नव्हे. मी राहतो त्या गडमुडशिंगीपासून कोल्हापूर शहर हाकेच्या अंतरावर आहे. तिकडच्या माझ्या ओळखीच्या एका ख्रिस्ती गृहस्थांनी काही वर्षांपूर्वी रविवारच्या उपासनेला जाणं थांबवलं. मतदानाच्या आधीच्या रविवारी त्यांच्या मंडळीच्या पाळकांनी प्रवचनातच मत कुणाला द्यायचं ते सांगितलं होतं. ‘‘विश्वास गेलेला नाही. पण त्या बाकावर आता बसवत नाही,’’ असं ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, ‘‘आमच्याआधी कुणी असा बाहेर पडला होता का हो?’’ त्यांना उत्तर देण्यासाठी मी जे वाचत गेलो, त्यातून एक माणूस ठळकपणे पुढे आला. त्याच्या भारतातल्या आयुष्याची सुरुवात पुण्यात झाली. त्याचं नाव व्हेरियर एल्विन.

एल्विन आपल्याला ठाऊक असतात ते आदिवासींचे अभ्यासक म्हणून. पण ते भारतात आले ते पाद्री म्हणून. जन्म १९०२चा, इंग्लंडमधला. वडील सिएरा लिओनचे बिशप होते आणि ते एल्विन लहान असतानाच वारले. आई कडव्या इव्हँजेलिकल वळणाची. बायबल हाच शेवटचा शब्द आणि वैयक्तिक तारण हाच धर्माचा गाभा, असं घरचं वातावरण. ऑक्सफर्डला इंग्रजी आणि ईश्वरविज्ञान या दोन्ही विषयांत त्यांनी प्रथम वर्ग मिळवला. १९२६ मध्ये इव्हँजेलिकल पाळक घडवणाऱ्या ‘विक्लिफ हॉल’चे ते उपप्राचार्य झाले. १९२७ च्या अखेरीस ते पुण्याच्या ‘ख्रिस्त सेवा संघा’त दाखल झाले.

हा संघ जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये स्थापन केला. विन्स्लो मराठी जाणणारे होते. रेव्हरंड ना. वा. टिळकांचं इंग्रजी चरित्र त्यांनीच लिहिलं, ते १९२३ मध्ये प्रसिद्ध झालं. संघातली माणसं खादी वापरत, जमिनीवर बसून शाकाहारी जेवत आणि इंग्रज-हिंदी असा भेद न करता एकत्र राहत. गोऱ्या पाद्र्यांच्या बंगला-संस्कृतीला हे उत्तरच होतं. इथेच एल्विन यांना शामराव हिवाळे हे मराठी ख्रिस्ती तरुण भेटले आणि ते आयुष्यभराचे सोबती झाले. अहमदनगर कॉलेजचे संस्थापक डॉ. भा. पां. हिवाळे हे शामरावांचे बंधू.

पुढे काय घडलं हे कळण्यासाठी त्या काळच्या चर्चची घडण पाहावी लागते. अँग्लिकन चर्च ही इंग्लंडची सरकारी चर्चव्यवस्था. तिचा प्रमुख तिथला राजा. हिंदुस्थानात कलकत्त्याची बिशपगादी १८१४ मध्ये आणि मुंबईची १८३७ मध्ये राजाच्या सनदेने निर्माण झाली. लष्करी छावण्यांतले पाद्री आणि काही बिशप यांचे पगार हिंदुस्थानच्या महसुलातून जात, म्हणजे शेतसारा भरणाऱ्या कुणब्याच्या पैशातून. उपासनेत राजासाठी ठरलेल्या प्रार्थना होत्या. दीक्षा किंवा परवाना घेताना पाळकाने राजनिष्ठेची शपथ घ्यायची असे. १९२७ च्या कायद्यामुळे हिंदुस्थानातलं हे चर्च १९३० पासून इंग्लंडच्या चर्चपासून वेगळं झालं. पण कागदावरचं नातं तुटलं म्हणून मनातलं तुटत नाही.

अमेरिकन मिशनांची गोष्ट थोडी वेगळी. कोल्हापुरात १८५२ मध्ये आलेले रॉयल वाइल्डर आणि पुढे मिरजेचं रुग्णालय उभारणारे डॉ. वॉन्लेस हे अशाच मिशनचे लोक. त्यांचा राजा कुणी नव्हता. तरीही पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिशेतर मिशनऱ्यांना हिंदुस्थानात काम करायचं तर प्रस्थापित सरकारच्या अधिकाराला बाधा येईल असं काही करणार नाही, अशी हमी द्यावी लागे. म्हणजे ‘राजकारणापासून दूर राहा’ याचा व्यवहारातला अर्थ ‘सरकारला अडचणीत आणू नका’ एवढाच होता.

१९२८ च्या आरंभी एल्विन साबरमतीला गेले आणि गांधींच्या प्रभावाखाली आले. १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. त्या वर्षी त्यांनी ‘क्राइस्ट अँड सत्याग्रह’ ही पुस्तिका लिहिली. ख्रिस्ताच्या शिकवणीत सत्याग्रहाला जागा आहे, किंबहुना तो तिच्याशी सुसंगत आहे, असा तिचा आशय. चर्चमधल्या वरिष्ठांना आणि सरकारलाही ते रुचणं शक्य नव्हतं. १९३१ मध्ये एल्विन संघातून बाहेर पडले. ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे मुंबईच्या मणिभवनात गांधींना अटक झाली, तेव्हा एल्विन आणि शामराव तिथेच होते. त्यानंतर वायव्य सरहद्द प्रांतातल्या दडपशाहीची माहिती घ्यायला ते गेले. तिथून सरकारने त्यांना घालवून दिलं.

गोंडांसाठी कुणी काम करत नाही, तिकडे जा, असं जमनालाल बजाज यांनी सुचवलं होतं. त्याप्रमाणे जानेवारी १९३२ च्या अखेरीस दोघे मंडला जिल्ह्यातल्या करंजिया या गावी पोहोचले. तो भाग नागपूरच्या बिशपांच्या हाताखाली येत होता. पाळक म्हणून काम करायचं तर त्यांचा परवाना हवा. बिशप अलेक्स वुड यांनी राजनिष्ठेची शपथ मागितली. एल्विन यांनी ती नाकारली. गोंडांना ख्रिस्ती करण्याचं कामही त्यांना नको होतं. आजारी माणसाला औषध द्यावं, मुलांना शिकवावं, पण त्याच्या बदल्यात धर्म मागू नये, अशी त्यांची धारणा होती. परवाना मिळाला नाही.

याच सुमारास ते इंग्लंडला गेले. तेव्हा परत येण्यासाठी राजकारणात भाग घेणार नाही असं त्यांनी सरकारला लिहून दिलं आणि पुढे तसे वागलेही. मग बिशपांच्या शपथेलाच नकार का? मला यातला फरक महत्त्वाचा वाटतो. सरकारने मागितलं ते मौन. चर्चने मागितली ती निष्ठा, आणि तीही वेदीपुढे उभं राहून, देवाच्या नावाने. गप्प राहण्याचं वचन माणूस पोटात दुखत असतानाही देऊ शकतो. देवाची साक्ष काढून राजाचा जयजयकार करणं ही वेगळी गोष्ट आहे. ज्यांना परवाना मिळाला, त्यांना आपण राजकारण करतो आहोत असं कधी वाटलंही नसेल. शपथ सवयीची झाली की ती दिसेनाशी होते. नकार मात्र सगळ्यांना दिसतो आणि राजकारणाचा शिक्का नकारावरच बसतो.

१९३५ च्या अखेरीस एल्विन यांनी चर्च सोडलं. तोवर त्यांच्या श्रद्धेलाही तडे गेले होते, हे नोंदवायला हवं. केवळ राजकारणापायी एका भाविकाला चर्चबाहेर जावं लागलं, अशी सरळ गोष्ट ही नाही. पण दोन्हींचा धागा एकमेकांत गुंतलेला आहे. चर्च सत्तेच्या इतकं जवळ उभं राहिलं की एल्विनसारख्या माणसाला ख्रिस्ताकडे जाण्याची वाटही तिथून दिसेनाशी झाली.

या कथेचा पुढचा भाग क्वचित सांगितला जातो. चर्च सोडून एल्विन काँग्रेसच्या कळपात गेले असते तर एका देवळातून दुसऱ्या देवळात, एवढाच अर्थ झाला असता. तसं झालं नाही. आदिवासींच्या मोहाच्या दारूवर बंदी घालण्याला त्यांनी विरोध केला. खादी-चरख्याचा कार्यक्रम जंगलातल्या माणसाच्या कामाचा नाही असंही म्हटलं. त्यामुळे गांधींपासूनही ते दुरावले. १९५४ मध्ये ते भारताचे नागरिक झाले. ईशान्य सीमा प्रदेशाच्या प्रशासनाला आदिवासींच्या प्रश्नांवर सल्ला देत राहिले आणि १९६४ मध्ये वारले.

एल्विन यांच्याशेजारी मी टिळकांना ठेवून पाहतो. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त त्यात एकत्र यावेत, अशी ती कल्पना होती. दोन वर्षांत ते गेले आणि दरबार रुजायचा राहिला. पण परदेशी मिशनचा पगार सोडून ख्रिस्त न सोडता येतो, हे त्यांनी दाखवलं. विन्स्लो यांची तिसरी वाट. चर्चमध्ये राहूनच त्यांनी स्वराज्याची बाजू मांडली. १९३१ मध्ये त्यांचं आणि एल्विन यांचं या विषयावरचं इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये निघालं.

म्हणजे पाव शतकाच्या आत महाराष्ट्रात तीन वाटा दिसतात. आत राहून बोलणं, संस्था सोडून श्रद्धा राखणं, आणि सगळंच मागे ठेवून निघणं. त्या गृहस्थांना मी हे सगळं सांगितलं. कोणती वाट बरोबर, हे मात्र सांगितलं नाही. तो माझा अधिकार नाही. एवढंच म्हणालो, की तुमच्या पाळकांनी ज्यांचं नाव घेतलं त्या उमेदवाराच्या जागी दुसऱ्या पक्षाचं नाव घातलं असतं तर तुम्ही बाकावर बसून राहिला असता का, हे आधी स्वतःला विचारा. उत्तर ‘हो’ असेल तर तुमचं भांडण पक्षाशी आहे, आणि ते मतपेटीत मिटेल. ‘नाही’ असेल तर भांडण व्यासपीठाशी आहे. करंजियाच्या वाटेने गेलेल्या त्या पाळकाचं भांडणही व्यासपीठाशीच होतं.