खिम्याचे कोफ्ते

कोफ्ता हा खिमा, मसाले आणि मिश्रण बांधून ठेवणारे घटक एकत्र मळून वळलेल्या गोळ्यांचा पदार्थ आहे. पश्चिम आशिया, मध्य आशिया, बाल्कन प्रदेश आणि भारतीय उपखंडात त्याचे अनेक प्रकार प्रचलित आहेत. ‘कुटणे’ या अर्थाच्या फारसी क्रियापदावरून हे नाव आले आहे. काश्मीरमधील रिस्ता व गुश्ताबा या पदार्थांसाठी मांस परंपरेने दगडावर लाकडी हातोड्याने कुटले जाते, तर नर्गिसी कोफ्त्यात उकडलेल्या अंड्याभोवती खिम्याचे आवरण असते.

घरी केलेल्या कोफ्त्यात चरबी, मीठ आणि तेल यांचे प्रमाण ठरवता येते. मात्र केवळ चरबी कमी केल्यास कोफ्ते कोरडे व कडक होतात, आणि ते मऊ राहावेत म्हणून कमी शिजवल्यास आरोग्यास धोका संभवतो. त्यामुळे कमी केलेल्या चरबीच्या जागी ओलावा धरून ठेवणारे घटक घालणे आवश्यक ठरते.

मांसाची निवड

एक ग्रॅम चरबीतून सुमारे ९, तर एक ग्रॅम प्रथिनातून सुमारे ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. तयार खिम्यातील चरबीचे प्रमाण नुसते पाहून नीट कळत नाही. त्यामुळे मांसावरील दिसणारी चरबी काढून मग त्याचा खिमा करून घेणे सोयीचे असते. कोंबडीची बरीचशी चरबी त्वचेत व त्वचेखाली असल्याने त्वचाविरहित मांस वापरले जाते.

ओलावा आणि बांधणी

मिठामुळे मांसातील काही प्रथिने विरघळून चिकट होतात व गोळा बांधला जातो. मिश्रण फार वेळ मळल्यास मात्र कोफ्ते घट्ट होतात. सुमारे ५०० ग्रॅम खिम्यासाठी पावाचे दोन भिजवून पिळलेले तुकडे, बारीक चिरलेला एक कांदा आणि एक अंडे पुरेसे असते. पावाऐवजी भिजवलेले पोहे किंवा ओट्सही चालतात. यांतील पिष्टमय पदार्थ मांसातून सुटणारा रस शोषून घेतात. किसून पिळलेला दुधी किंवा गाजर घातल्यास तंतुमय घटकही मिळतात.

शिजवण्याच्या पद्धती

तळताना कोफ्त्याच्या पृष्ठभागातील पाणी वाफ होऊन निघून जाते व काही प्रमाणात तेल आत शिरते. ३ ते ४ सेंटिमीटर व्यासाचे कोफ्ते २००° सेल्सियसला तापवलेल्या ओव्हनमध्ये साधारण १५ ते २० मिनिटांत भाजले जातात. आप्पेपात्रात थोडक्या तेलावर झाकण ठेवून ते परततही येतात. रश्श्यात शिजवायचे असल्यास मंद उकळत्या रश्श्यात कोफ्ते सोडतात आणि ते घट्ट होईपर्यंत डाव न घालता भांडे हलवतात. मटणाचा रस्सा थंड झाल्यावर वर गोठलेली चरबी काढून टाकता येते.

मीठ

प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. चौघांसाठीच्या कोफ्त्यांत ६ ग्रॅम मीठ घातल्यास प्रत्येकाच्या वाट्याला दीड ग्रॅम येते. रश्श्यातील मीठ त्याहून वेगळे. आले, लसूण, पुदिना, कोथिंबीर आणि लिंबाचा रस यांमुळे कमी मिठातही चव टिकते.

सुरक्षितता

मांसाच्या अखंड तुकड्यावर जिवाणू प्रामुख्याने पृष्ठभागावर असतात. खिमा करताना ते संपूर्ण मांसात मिसळतात. त्यामुळे कोफ्ता मध्यभागापर्यंत शिजणे गरजेचे असते. मटणाच्या खिम्यासाठी मध्यभागाचे तापमान किमान ७१°, तर कोंबडीच्या खिम्यासाठी ७४° सेल्सियस असावे. केवळ रंगावरून खात्री होत नाही, म्हणून अन्न-तापमापक वापरणे योग्य असते. कच्चा खिमा ४° सेल्सियस किंवा त्याखालील तापमानात ठेवून एक-दोन दिवसांत वापरतात. त्याला लागलेली सुरी, पाट व हात साबणाने धुतले जातात. शिजलेले कोफ्ते दोन तासांच्या आत, तर कडक उन्हाळ्यात तासाभरात शीतकपाटात ठेवावे लागतात.

आहारातील स्थान

कोफ्त्यांतून प्रथिने आणि ब-१२ जीवनसत्त्व मिळते. मांसातील लोह वनस्पतिजन्य लोहापेक्षा शरीरात अधिक सहज शोषले जाते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये लाल मांसाचे ‘बहुधा कर्करोगकारक’ असे वर्गीकरण केले. त्यामुळे मटणाचे कोफ्ते रोज न करता अधूनमधून करणे आणि सोबत पोळी किंवा भाकरी, डाळ व कोशिंबीर ठेवणे इष्ट मानले जाते. लहान मुलांच्या घशात गोल घास अडकू शकतो. म्हणून त्यांना कोफ्ते कुस्करून दिले जातात.